न्सुक्का ते लंडन : घडी घालून निघालेले शिल्प

दुरून पाहिले, तर शिल्पाचा हा लाल पडदा वाऱ्याने फुगलेले जहाजाचे शीड वाटतो. जवळ गेले, की मद्याच्या बाटल्यांची झाकणे दिसू लागतात. झाकणांचे पत्रे आणि बाटलीच्या मानेभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चेपून, दुमडून, तांब्याच्या बारीक तारेने एकमेकींना बांधलेल्या आहेत. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील हा टर्बाइन हॉल एकेकाळी वीजकेंद्राचा यंत्रकक्ष होता. १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच अशा या जागेत भलीभली शिल्पे लहान दिसतात. १० ऑक्टोबर २०२३ पासून सुमारे सहा महिने ही जागा शिल्पकार एल अनात्सुई यांच्या ‘बिहाइंड द रेड मून’ या मांडणीशिल्पाने व्यापली होती.

अनात्सुई यांचा जन्म १९४४ साली आजच्या घानामधील अन्याको येथे झाला. कुमासीत कलाशिक्षण घेतल्यावर १९७५ साली ते नायजेरियातील न्सुक्का येथे विद्यापीठात शिकवण्यासाठी गेले आणि पुढची अनेक दशके तिथेच राहून काम करत राहिले. लाकूड आणि माती हाताळून झाल्यावर, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, त्यांना टाकून दिलेल्या झाकणांची एक पिशवी सापडली. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मद्य आणले आणि ते माल व माणसे यांच्या बदल्यात दिले. त्यामुळे हे झाकण या कलावंताच्या हातात येण्यापूर्वीच दोन खंडांचा इतिहास सोबत घेऊन आलेले होते.

न्सुक्क्याच्या कार्यशाळेतील काम सावकाश चालते. अनेक साहाय्यक झाकणे उलगडतात, ठोकून सपाट करतात, काहींच्या कड्या वळतात, काहींच्या घड्या घालतात आणि तारेने बांधून लहान लहान तुकडे तयार करतात. हे तुकडे जमिनीवर पसरले जातात; अनात्सुई त्यांच्या जागा बदलायला सांगतात, छायाचित्र घेतात, पुन्हा बदलायला सांगतात. कुठे पट्ट्यांची दाट वीण असते, तर कुठे नुसत्या कड्यांची जाळी, जिच्यातून मागची भिंत दिसते. हा पट धातूचा असूनही त्याची घडी होते, आणि परदेशी प्रदर्शनांच्या दृष्टीने त्याचा सर्वात मोठा गुण हाच आहे.

कलाकृतीचा प्रवास हे प्रेक्षकांपासून लपलेले, पण अतिशय कौशल्याचे काम आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक भागाची तपासणी करून सुटलेली तार, वाकलेला पत्रा, जुना ओरखडा यांची छायाचित्रांसह नोंद केली जाते, आणि पोचल्यावर तीच नोंद समोर ठेवून पुन्हा तपासणी होते. एरवी एवढ्या आकाराच्या शिल्पासाठी अवाढव्य खोकी आणि त्यांना साजेशी जहाजे लागतात. अनात्सुई यांचे पट मात्र दुमडून तुलनेने लहान खोक्यांत मावतात. त्याहून विलक्षण म्हणजे, ते कसे टांगावेत याचा आराखडा सहसा सोबत येत नाही. चुण्या कुठे पाडायच्या, कड कुठे लोंबू द्यायची, हे पुष्कळदा त्या त्या संग्रहालयातील क्युरेटर (प्रदर्शनाची आखणी करणारे) आणि मांडणी करणारे कामगार ठरवतात. म्हणून एकच पट दोन शहरांत दोन रूपांत दिसू शकतो. या कामगारांची नावे प्रदर्शनाच्या फलकावर ठळकपणे यायला हवीत, असे आम्हाला वाटते.

टर्बाइन हॉलमध्ये या मांडणीचे तीन भाग होते. पहिले हे शीड. त्यापुढे हवेत तरंगणारे पातळ, मनुष्याकृतींसारखे तुकडे. एका ठरावीक ठिकाणी उभे राहिल्यावर ते जुळून पृथ्वीचा गोल होतो. अखेरीस छतापासून जमिनीपर्यंत उतरलेली काळी भिंत, जिच्या पायथ्याशी झाकणांच्या लाटा उसळल्या आहेत आणि जिच्या मागच्या अंगाला अनेक रंगांचे तुकडे चमकतात.

इथवर पोचायला मोठा काळ लागला. १९९० साली व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, आफ्रिकेतील मोजक्या समकालीन कलावंतांना स्थान मिळाले, त्यांत अनात्सुई होते. १९७९ साली स्थापन झालेल्या लंडनच्या ऑक्टोबर गॅलरीने त्यांची कामे वर्षानुवर्षे लावून धरली. २००७ साली व्हेनिसमधील पलात्सो फोर्तुनी या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा पट झळकला, आणि २०१५ साली त्याच द्वैवार्षिकीने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह हा पुरस्कार दिला. दरम्यान लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने विकत घेतलेले त्यांचे पट आफ्रिकेच्या वस्तूंच्या दालनात लागले होते. त्याच शहरातील आधुनिक कलेच्या संग्रहालयात, मध्यवर्ती दालनात, त्यांचे काम भूप्रदेशाच्या पाटीशिवाय लागणे ही आमच्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपातील खरी मजल आहे.

त्यांची अनेक गाजलेली कामे आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहांत आहेत, आणि ती प्रत्यक्ष पाहायची तर नायजेरियातील प्रेक्षकाला आधी व्हिसा मिळवावा लागतो.

एप्रिल २०२४ मध्ये टर्बाइन हॉलमधील मांडणी उतरवण्यात आली. त्याच वर्षी ती शांघायच्या पुडोंग कला संग्रहालयात गेली आणि तिथल्या दालनाच्या मापाने नव्याने टांगली गेली.