वेढ्यातलं खरेदीखत

बंधुभगिनींनो, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर आहे. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, ते पुढच्या काळाची आशा देणारे आहेत, असं ते वचन. दहावीच्या निकालाआधी, व्हिसाच्या मुलाखतीआधी, मुलीचं लग्न जमत नसेल तेव्हा आपण ते वाचतो. वाचावंच. पण त्याच्या लगेच वरचं दहावं वचन कुणी चौकटीत बसवत नाही. त्यात सुटकेआधीची सत्तर वर्षं आहेत.

मुळात हे एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, सरदार, कारागीर बाबेलला नेले. त्या पाडाव झालेल्या लोकांना यिर्मयाने ते लिहिलं. इकडे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभं राहून सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. त्याने यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलची ताबेदारी दाखवणारं लाकडी जूही लोकांसमोर मोडलं. हनन्याकडेसुद्धा कल्पनाशक्ती होती आणि ती देवाचं नाव घेऊन बोलत होती. मला याच गोष्टीची भीती वाटते. मनातलं चित्र आधी पक्कं करायचं, मग प्रार्थनेत देवाकडे त्यावर सही मागायची.

यिर्मया काय लिहितो? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे ऐकणारा माणूस चाळिशीतला असेल तर त्याला तिथल्या तिथे कळलं असेल की आपल्याला काही यरुशलेम पुन्हा दिसत नाही. तरीही त्याला बाग लावायला सांगितलं आहे. भिंतीवरची आशा या माणसाला दिलेली होती, हे लक्षात ठेवून ती वाचली पाहिजे.

आता बत्तिसावा अध्याय. माझ्या मते प्रार्थना शिकायची तर या अध्यायापाशी बसावं. दहा वर्षं गेली आहेत. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, तटाला मोर्चे लागले आहेत, आत दुष्काळ आणि मरी. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे शहराबाहेर चार-पाच किलोमीटरवरचं गाव, वेढ्याच्या पलीकडे. अशा वेळी जमीन कोण घेतं? यिर्मया 17 शेकेल (शेकेल हे तेव्हाचं एक वजन) चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खत लिहून त्यावर शिक्का मारतो आणि दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो. त्या मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण परमेश्वर म्हणतो, या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

आणि मग, व्यवहार पुरा झाल्यावर, तो प्रार्थना करतो. हा क्रम पाहा. प्रार्थनेत तो निश्चिंत नाही. आकाश आणि पृथ्वी तू केलीस, तुला अवघड काही नाही, अशी सुरुवात करतो, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघतं की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! पैसे दिले, खतावर सही केली, आज्ञा पाळली. तरी मनाला उलगडा झालेला नाही. हा गोंधळ तो देवापुढे मांडतो. तरुण मित्रांनो, विश्वास असेल तर प्रश्न पडू नयेत असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल, तर हा अध्याय पूर्ण वाचा.

त्याच चौकात कैदेत असताना देव त्याला पुढचं दाखवतो. ओसाड रस्त्यांवर पुन्हा नवरा-नवरीचा आवाज ऐकू येईल. मेंढरं मोजणाऱ्याच्या हाताखालून पुन्हा कळप जातील. किती साधी चित्रं आहेत ही! देवाने दिलेली कल्पना अशी असते, तिच्यात दुसऱ्यांची लग्नं असतात, दुसऱ्यांची मेंढरं असतात. यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं नाही. पुढे लोकांनी त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेलं. पण एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची यादी आहे आणि तिच्यात अनाथोथचे 128 पुरुष आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही एका बाईंनी अशी जमीन घेतली. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेला, अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं होतं. पुढे काय, या चिंतेतून बाईंनी केडगावला जमीन घेतली. त्यांच्या मनात फळबाग होती. झाडं धरतील, उत्पन्न येईल, सदन स्वतःच्या पायावर उभं राहील. प्रार्थना करून आखलेला, अगदी शहाणपणाचा बेत. मग 1896-97 चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या, शेकड्यांनी. त्यांना ठेवायचं कुठे? केडगावला. बाईंच्या चित्रात या मुली नव्हत्या. ज्या जमिनीवर झाडांचं उत्पन्न मोजायचं होतं तिथे आधी निवारे उभे राहिले, मग शाळा, कामाच्या खोल्या, प्रार्थनामंदिर. मुक्ती मिशन त्याच जमिनीवर वाढलं, आणि पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरलात तर आजही तिथे जाता येतं.