पुढचा ब्रेक नसलेली 'कॅप्टन अमेरिका'

न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा या उत्सवाला मोटरसायकलवरून निघताना नायक वायट मनगटावरचं घड्याळ काढून रस्त्यात टाकून देतो. १९६९ च्या 'ईझी रायडर'मधलं हे दृश्य बहुतेकांना आठवतं. आपण जरा त्याच्या 'कॅप्टन अमेरिका' या मोटरसायकलचं पुढचं चाक बघू. तिथं ब्रेकच नाही.

ही मूळची हार्ले-डेव्हिडसन हायड्रा-ग्लाइड, पॅनहेड इंजिन, १२०० सीसी. आणि घेतली कुठून, तर लॉस एंजेलिस पोलिसांच्या लिलावातून! तिचं रूप पालटलं क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती.

गाडीचं चॉपर, म्हणजे पुढून लांबवलेली मोटरसायकल, करताना नुसता लांब फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) चढवून भागत नाही. तोंड वर उचललं जातं आणि चासी मागं कलते. म्हणून चासीचा नेक, म्हणजे फोर्क जिथं बसतो तो भाग, कापायचा, जास्त तिरका करून पुन्हा वेल्ड करायचा. वेल्डिंग कच्चं राहिलं तर तडा तिथंच जातो, कारण लांब फोर्क खड्ड्याचा प्रत्येक दणका पहारीसारखा नेकवर तोलून आणतो. अशी गाडी हमरस्त्यावर नाकासमोर धावते. वेग उतरवून वळायला गेलात, की पुढचं चाक एका अंगाला पडू पाहतं आणि हँडल जड लागतं.

मागं शॉकअप नाहीत. टायरमधली हवा आणि सीटची गादी सोसेल तेवढं सोसेल, बाकीचं चालवणाऱ्याच्या कंबरेला. ब्रेक एकटा मागचा. तो दाबला की वजन पुढं सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि जोरात दाबलं तर लॉक होऊन घसरतं. टाकी आधीच चिमुकली, त्यात कथेतले वायट आणि त्याचा सोबती बिली नोटांची गुंडाळी नळीत भरून तिच्यातच लपवतात. पेट्रोलला जागा उरणार किती?

बिलीची गाडी त्या मानानं सोयीची, फोर्क आखूड. पण पोस्टरवर मिरवली ती वायटची, अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगातली, चालवायला अवघड असलेलीच. मुक्त भटकंतीची निशाणी म्हणून निवडायला तशी गैरसोयीचीच गाडी, पण छायाचित्रकार लास्लो कोव्हाक्स यांच्या चौकटीत तो लांबच लांब फोर्क दिसतो मात्र झकास.

चित्रीकरणासाठी प्रत्येकाच्या दोन, अशा चार गाड्या बनवल्या होत्या. एक 'कॅप्टन अमेरिका' शेवटच्या दृश्यात मोडली. उरलेल्या तिन्ही चित्रीकरण संपायच्या आत चोरीला गेल्या.