आश्रयस्थानातल्या कोंबडीला खाऊ का द्यायचा नाही?

नमस्कार मंडळी!

पशुपालन उद्योगातून सोडवलेल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानाला भेट द्यायला निघालेली माणसं बहुतेक वेळा एकच विचारतात: प्राण्यांसाठी खायला काय आणू? उत्तर येतं, काहीही आणू नका. काहींना ते लागतं. इतक्या प्रेमानं नेतोय, तर नाही का म्हणायचं? आज मला या ‘नाही’बद्दलच बोलायचंय. हे एकदा समजलं, की तिथं गेल्यावर काय पाहायचं ते आपोआप कळतं.

ब्रॉयलर कोंबडी घ्या, म्हणजे मांसासाठी वाढवली जाणारी. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन काळांतले वाण एकत्र वाढवले होते: १९५७ चा, १९७८ चा आणि २००५ चा. तिघांना खाद्य एकच. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५६ दिवसांनी १९५७ च्या वाणाचं सरासरी वजन भरलं ९०५ ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचं ४,२०२ ग्रॅम.

[पडद्यावर: ९०५ ग्रॅम – १,८०८ ग्रॅम – ४,२०२ ग्रॅम]

खाद्य तेच, दिवस तेवढेच, वजन साडेचार पटींहून जास्त. हा फरक वाणाचा आहे. पिढ्यान् पिढ्या निवड करत माणसानं असा पक्षी घडवला, जो सारखा भुकेला असतो आणि खाल्लेलं अंगावर चढवत जातो. उद्योगात त्याचं आयुष्य साधारण सहा-सात आठवड्यांचं, म्हणून त्याचं हृदय आणि पाय पुढे टिकतील का, हा प्रश्न तिथं कुणाला पडतच नाही. तो पडतो आश्रयस्थानात. पक्षी कत्तलीतून सुटला, पण शरीर तेच राहिलं. पोटभर खाऊ घातलं तर तो स्वतःच्या वजनाखालीच कोसळेल. म्हणून तिथं खाद्य मोजून देतात, पक्ष्याचं नियमित वजन करतात, तळपायाला जखम झाली आहे का ते उलटून बघतात. तो तुमच्याकडे आशेनं धावत येईल. तुमचा हात रिकामा असणं त्याच्या हिताचं आहे. मला हे फार अवघड वाटतं, आणि तिथल्या माणसांबद्दल आदर वाटतो तो इथंच. भुकेल्या जिवाला रोज प्रेमानं ‘पुरे’ म्हणणं सोपं नाही.

अंड्यांसाठीच्या कोंबडीची तऱ्हा वेगळी. तिचा पूर्वज, लाल रानकोंबडा. त्याची मादी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीही विणीच्या हंगामात. आजची लेयर कोंबडी तीनशेच्या आसपास घालते. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाण्यातून ते पुरत नाही, तेव्हा ते हाडांमधून उपसलं जातं. त्यामुळे छातीचं हाड मोडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या, पोटात अंडं फुटून जंतुसंसर्ग झालेल्या कोंबड्या सुटून येतात. सुटल्यावर अंडी थांबत नाहीत, कारण ती कुणी सांगितल्यामुळे येत नव्हती. काही ठिकाणी पशुवैद्य त्वचेखाली संप्रेरकाची छोटी कांडी बसवतात, त्यानं अंडी घालणं काही महिने थांबतं आणि शरीराला उसंत मिळते. बऱ्याच ठिकाणी अंडी कवचासकट कोंबड्यांनाच परत खाऊ घालतात. त्या ज्या चवीनं खातात ते बघायला मिळालं तर चुकवू नका.

मेंढीचंही तेच. पाळीव मेंढीची लोकर आपोआप गळून पडावी, हा गुणच बहुतेक जातींमधून माणसानं काढून टाकलाय. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात रानात भटकलेला एक मेंढा सापडला. ‘एडगर्स मिशन’ या आश्रयस्थानानं त्याला बराक असं नाव दिलं आणि त्याची लोकर कातरली, ती भरली ३५ किलोहून जास्त! लोकर तोंडावर आल्यानं त्याला धड दिसतही नव्हतं. म्हणजे या प्राण्याला नुसतं मोकळं सोडून भागत नाही. वर्षाला कातरणी, अधूनमधून खुरं तासणं, आणि खाद्यात तांबं जास्त जाणार नाही याची काळजी, कारण मेंढीला तांब्याची विषबाधा चटकन होते. शेळीचं खाद्य मेंढीला घातलं तरी जिवावर बेतू शकतं. पाव, बिस्किटं तर रवंथ करणाऱ्या कोणत्याच प्राण्याला नकोत. पोटात आम्ल वाढतं.

मग रिकाम्या हातानं जाऊन करायचं काय? बसायचं. परवानगी असेल तिथं खाली जमिनीवर. उभा माणूस प्राण्याला फार मोठा दिसतो. गाय, शेळी, मेंढी यांना जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त अगदी मागचं नाही, म्हणून मागून जाऊ नका. आपण होऊन कुणाजवळ जाऊ नका, त्यांना येऊ द्या. कुणीच आलं नाही, तरी चालेल. मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त लक्षात ठेवतात, हे २००१ मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलंय. त्या तुमच्याकडे टक लावून बघतात तेव्हा त्यात काहीतरी चाललेलं असतं. डुकराचं पोट खाजवलंत तर ते धप्पकन आडवं होईल. ते शेकडो किलोंचं असू शकतं, तेवढे पाय मात्र सांभाळा.

जाण्याआधी चपला-बूट स्वच्छ धुवा. दारात जंतुनाशकात पाय बुडवायला सांगतील, कुरकुर न करता बुडवा. घरी कोंबड्या, बदकं असतील तर आधीच कळवा. बर्ड फ्लूची साथ असताना पक्ष्यांचा विभाग बंद असतो. तेव्हा हट्ट करू नका.

आणि जागा खरी आहे का, हे कसं ओळखायचं? मी एक गोष्ट बघेन: पिल्लं. तिथं कायम नवी कोकरं, नवी वासरं दिसत असतील, ती पाहुण्यांच्या मांडीवर फोटोसाठी दिली जात असतील, तर प्रश्न विचारा. खरं आश्रयस्थान प्राण्यांची पैदास करत नाही, त्यांना विकत नाही, त्यांच्यापासून काही विकायला काढत नाही. अशा संस्थांना मान्यता देणारी ‘ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज’ आहे, तिचेही नियम याच धर्तीचे आहेत. बाकी दिखाऊपणा, सजावट, मोठी पाटी यावरून काही ठरत नाही.

ही चळवळ फार जुनी नाही. अमेरिकेतल्या ‘फार्म सँक्च्युअरी’ची सुरुवात १९८६ ची. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका गुरांच्या बाजारामागे, मेलेल्या जनावरांच्या ढिगात संस्थापकांना एक मेंढी दिसली. जवळ गेले, तर तिनं डोकं उचललं. तिचं नाव पुढे हिल्डा पडलं, आणि ती नंतर दहा वर्षांहून जास्त जगली.

एवढं जगवणं हेच इथलं सगळ्यात अवघड काम आहे. कोंबड्यांचं वैद्यकशास्त्र हजारोंच्या कळपांच्या हिशोबानं वाढलंय. एकाच म्हाताऱ्या कोंबडीच्या संधिवाताचं काय करायचं, हे ही माणसं आणि त्यांचे पशुवैद्य एकेक पेशंट सांभाळत शिकतायत. म्हणून तुम्ही गेलात, की काळजी घेणाऱ्यांपैकी कुणालाही एका प्राण्याकडे बोट दाखवून विचारा: याला आज कोणतं औषध दिलंत, आणि का? उत्तर लांबेल. हातात वेळ ठेवून जा.