वरणाचं पाणी नको, वरण द्या

(पोषण महिन्यानिमित्त अंगणवाडी सेविका, आया आणि आज्या यांच्यासमोर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'बालकांच्या आहारातील जीवनसत्त्वे व खनिजे'. सगळी घ्यायची म्हटली तर मी 'के'पर्यंत पोचेस्तोवर मागच्या रांगेतली बाळं झोपतील आणि त्यांच्या पाठोपाठ आयाही. म्हणून बराचसा वेळ मी एकट्या लोहावर घालवणार आहे. बाकीच्यांना जाता जाता भेटू.

लोहच का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांचं रक्त तपासलं, तर देशात शंभरातल्या 67 मुलांना रक्तक्षय निघाला. महाराष्ट्रात जवळपास 69. आधीच्या फेरीत आपला आकडा 54 च्या आसपास होता. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजलं तर ते किती अचूक येतं यावर तज्ज्ञांत वाद आहे. शिवाय सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता सगळीकडे आहे. हे सगळं वजा केलं तरी जे उरतं ते लहान नाही, आणि त्यातला बराच भाग बाळाच्या वाटीत सापडतो.

पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ पोटातून येतानाच लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत बांधली जाते. म्हणून गरोदरपणातल्या गोळ्यांबद्दल तुम्ही ताई लोक घसा कोरडा करता, ते बरोबरच आहे. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही याचसाठी. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असेल तर त्याआधीच संपते, म्हणून अशा बाळांना डॉक्टर लोहाचे थेंब लवकर सुरू करतात.

आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. जे असतं ते बाळाला छान पचतं, पण सहा महिन्यांनंतर ते पुरत नाही. आणि आईनं अळिवाचे लाडू खाल्ले म्हणून दुधातलं लोह वाढतही नाही. लाडू तिच्यासाठी खावेत, तिलाही रक्त लागतंच. पण बाळाला रक्त कमी असलं की सासूबाई सुनेच्या ताटाकडे बघतात ना, त्यांनी तेवढ्यापुरतं ताटाकडून वाटीकडे बघावं.

आता बाळाची गरज किती? एक ते तीन वर्षांच्या मुलाला आपल्याकडच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह लागतं. मोठ्या पुरुषाला 19. मूल बापाच्या पाचव्या हिश्शाचं, पण लोह जवळपास निम्मं. आणि हे सगळं मुठीएवढ्या पोटात बसवायचं. तिथे एक वाटीही फुकट घालवून चालत नाही.

आपण काय घालतो? उष्टावण थाटात होतं. चांदीची वाटी, खीर, मामाच्या मांडीवर बसलेला फोटो. दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं वरणाचं पाणी. कुकर उघडायचा, डाळ तळाशी बसू द्यायची, वरचं पिवळसर पाणी चमच्यानं अलगद काढायचं, चिमूटभर हिंग घालायचा आणि बाळाला पाजायचं. डाळ कुठे गेली? घरातल्या मोठ्यांच्या आमटीत! जड पडेल म्हणून. तसंच भाताचं: भात मोठ्यांना, पेज बाळाला. पोट पाण्यानं भरतं, मूल शांत होतं, आपल्याला वाटतं जेवलं. लोह, प्रथिनं, झिंक, सगळं त्या तळाच्या डाळीत राहिलेलं असतं.

माझी खूण सोपी आहे. चमचा तिरका केला की घास घरंगळून जायला नको, चमच्यावर बसायला हवा. सहा महिन्यांच्या बाळाला मऊ, घोटलेलं, गुठळी नसलेलं द्या, पण दाट द्या. डाळ आणि तांदूळ दोन्ही घोटा, वर तूप सोडा. नऊ-दहा महिन्यांना नुसतं बोटांनी कुस्करलेलं चालतं. दाट खीर बाळ तोंडातून बाहेर ढकलत असेल तर मोड आणलेल्या धान्याचं पीठ चमचाभर घालून बघा. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते घट्ट खिरीला पाणी न घालताच सैल करतं. शिवाय डाळी-धान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. भिजवण्यानं आणि मोडांनी ते कमी होतं. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून सत्त्व करायच्या ते उगाच नाही. फक्त फडक्यातून गाळताना चोथा टाकून निव्वळ पांढरं सत्त्व ठेवू नका, त्या चोथ्यातही माल असतो. आणि नाचणीचा लौकिक खरा कॅल्शियमचा आहे, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहासाठी एकट्या नाचणीच्या भरवशावर राहू नये.

वनस्पतीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. वरणभातावर चार थेंब लिंबू पिळा. पिकलेला पेरू बिया काढून कुस्करून द्या. पालेभाजी लोखंडी कढईत केलीत, त्यात टोमॅटो घातलात, तर कढईतलंही थोडं लोह उतरतं.

ज्यांच्या घरात चालतं त्यांनी मात्र अंडं, मासे, मटण बाळापासून लपवू नये. घरात रविवारी कोंबडी शिजते आणि बाळाला रस्साही नाही, 'दात आल्यावर देऊ' म्हणून! दातांचा काही संबंध नाही. मटणा-माशातलं लोह सरळ शोषलं जातं, आणि सोबतच्या डाळीतलं लोहही ते ओढून घेतं. आठवड्यातून एकदा कोंबडीची कलेजी नीट शिजवून, चमचाभर भातात कुस्करली तर त्यासारखं दुसरं नाही. कोकणातल्या ताईंनी जवळा धुऊन, भाजून, बारीक पूड करून मऊ भातात घालावा. अंडं सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडून, पिवळं-पांढरं दोन्ही चालतं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी येतात, ती मुलांच्या पोटात जाताहेत की पाहुण्यांच्या, हे तुम्हीच बघायचं. जे शाकाहारी आहेत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण त्यांना मेहनत जास्त आहे आणि औषधाची बाटली त्यांना चुकत नाही, हे मी स्पष्ट सांगते.

आता दूध. इथे मी आज्यांचा रोष पत्करते. दवाखान्यात नेहमी येणारं एक मूल तुम्हाला सांगते: दीड वर्षाचं, गुटगुटीत, गोरंपान. 'जेवत काही नाही हो, पण दूध छान पितं.' किती? दिवसाला लिटरभर, बाटलीनं, रात्री झोपेतसुद्धा. खालची पापणी ओढून बघितली की आत कागद. ते गोरेपण नसतं, पांढरेपण असतं. गाई-म्हशीच्या दुधात लोह नावालाच असतं, त्यातलं कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोह अडवतं, लहान बाळाच्या आतड्यातून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होऊ शकतो, आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. वर्षाच्या आत वरचं दूध हे मुख्य अन्न असू नये. वर्षानंतर दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटर पुष्कळ झालं, तेही वाटीनं किंवा पेल्यानं. आईचं दूध मात्र दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू दे.

चहात बुडवलेला बटर किंवा बिस्कीट, त्याबद्दल दोनच वाक्यं. चहातलं टॅनिन लोह अडवतं आणि बिस्किटात मैदा-साखर सोडून काही नाही. मुलाला चहा देऊ नका, 'नुसता दुधाचाच आहे' असला तरी.

हे इतकं ताणून का सांगते? रक्तक्षय औषधानं दोन-तीन महिन्यांत भरून येतो. मेंदूचं तसं नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची जोडणी चालू असते, तिला लोह लागतं. कोस्टारिकात बाळपणी दीर्घकाळ लोह कमी असलेल्या मुलांवर उपचार केले आणि ती 19 वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. रक्त सुधारलं होतं, बौद्धिक चाचण्यांत ती मागेच राहिली. त्यामुळे मूल किरकिर करतं, खेळत नाही, माती खातं, भिंतीचा पोपडा चाटतं, तेव्हा 'जंत झालेत' म्हणून सोडून देऊ नका. जंताची गोळी वर्षानंतर द्याच, पण रक्तही तपासा. माती खाणं हे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं.

बाकीचे पाहुणे भराभर. बी-12 हे वनस्पतीतून मिळतच नाही. पुण्याजवळच्या गावांत 1993 पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं बी-12 कमी निघालं. आईच्या अंगात नाही, तर दुधात कुठून येणार? इथे सासूबाईंनी ताटाकडे बघायला हरकत नाही. अंगावर पिणारं बाळ हसायचं थांबतं, मान धरायचं विसरतं, बोटांची पेरं काळवंडतात, हातपाय थरथरतात. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. पहिले एक-दोन घेऊन लोक विसरतात. भोपळा, पपई, शेवग्याचा पाला द्या, पण तुपा-तेलाबरोबर. 'ड' पहिलं वर्षभर थेंबांनी, रोज 400 युनिट. मोठ्यांची 60 हजार युनिटची पुडी बाळाला स्वतःच्या मनानं देऊ नका. आयोडीनसाठी बाळाला मीठ घालायची गरज नाही, ते आईच्या दुधातून येतं. म्हणून आईनं सैंधवाच्या नादी न लागता आयोडीनचं मीठ खावं. जुलाबात ओआरएसबरोबर झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

(मागून एका आजींचा प्रश्न: सरकारी लोहाच्या औषधानं शी काळी होते, मग बंद करायचं ना?)

नाही आजी. काळी होणारच, घाबरायचं नाही. ते औषध सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, 1 मिलिलिटर, बाटलीबरोबरच्या ड्रॉपरनं द्यायचं. त्यात 20 मिलिग्रॅम लोह आहे. चमच्यानं अंदाजपंचे नको. जेवणानंतर द्या, दुधाबरोबर नको, मग दोन घोट पाणी पाजा म्हणजे दात काळे पडणार नाहीत. मुलाला ताप असेल तर त्या दिवशी नको. आणि मुलाला आधीच रक्तक्षय असेल तर एवढ्यानं भागत नाही, त्याला वजनाप्रमाणे रोजचा डोस लागतो, तो डॉक्टरांकडून घ्या. बाटली मात्र मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. गोड लागतं म्हणून मोठ्या भावंडानं अख्खी बाटली प्यायली तर लोहासारखं विष नाही; तसं झालं तर उलटी काढत बसू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.