उलटी नोंद

[ठाणे स्टेशन, फलाट क्रमांक 9. सकाळ.]

ट्रान्सहार्बरची लोकल, ठाण्याहून नवी मुंबईकडे. ऐरोलीला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं उतरतात, डबा निम्मा रिकामा होतो. घणसोलीला आणखी बरेच जण. खिडकीत बसलेली ही मुलगी उठत नाही. एमसीएच्या, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आज शनिवार, आणि शनिवारी तिला तुर्भ्याला उतरायचं असतं. कांदा-बटाटा बाजारात.

[बाजार. ट्रकमधून गोण्या उतरतायत.]

नाशिक, पुणे, अहिल्यानगरकडचा कांदा. माथाडी गोणी पाठीवर घेतात, मापाडी वजन करतो, गाळ्याच्या तोंडाशी गाळेवाले काका गिऱ्हाइकाशी भाव बोलतात. आत, पंख्याखाली, गाळ्याचे हिशेबनीस मेहताजी लिहितायत. त्यांचा हात बघत राहा. आमचा कॅमेरा दोन दिवस याच हातावर होता.

गाळ्याची पट्टी संगणकावर आणायची, हा तिचा प्रकल्प. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब. गोण्या किती, वजन किती, भाव काय मिळाला, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय राहिलं. वरवर पाहता चार ओळींचं काम. पहिल्या खेपेला तिनेही तसंच धरलं: एक ट्रक, एक शेतकरी, एक भाव.

[पट्टीचा कागद, जवळून.]

ही त्या दिवसाची खरी पट्टी. ट्रक एकच, पण त्यात चार शेतकऱ्यांचा माल आणि अकरा वक्कल, म्हणजे प्रतवारीने वेगळे केलेले मालाचे वाटे. प्रत्येक वक्कलाचा भाव निराळा, गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, तर आणखी निराळा. एका शेतकऱ्याने लागवडीच्या वेळी उचल घेतलेली, ती यातून वळती करायची. शिवाय आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा महाराष्ट्रात नियम आहे. ही रक्कम कोणाच्या नावे टाकायची हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा प्रोग्राम एकही चूक न दाखवता चालेल आणि शेतकऱ्याला कमी पैसे देईल.

[लॅपटॉप आणि वही, शेजारी शेजारी.]

आता हे नीट बघा. दुपारी एक गिऱ्हाईक तीन गोण्या परत घेऊन आलं. माल ओला निघाला. तिने पडद्यावरची विक्रीची ओळ पुसली आणि कमी आकडा घालून नवी लिहिली. मेहताजींनी चष्मा वर केला.

“खोडायचं नाही, बाळा. उलटी नोंद टाक.”

त्यांनी आपली रोजकीर्द तिच्यासमोर ठेवली. सकाळची विक्री जशीच्या तशी, आणि खाली दुपारची परतीची नोंद, तीन गोण्यांची, उलट बाजूला. दोन्ही ओळी वाचल्या की दिवसभरात काय घडलं ते कळतं. पुसलं असतं तर फक्त शेवट कळला असता.

जे घडलं ते घडलं त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरतं. मग त्यावरून खतावणी होते, म्हणजे प्रत्येकाचं खातं वेगळं मांडलं जातं. खतावणी हरवली, भिजली, तरी रोजकीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. संगणकातला डेटाबेसही असाच जपला जातो. बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या रोजकीर्दीत, लिहायचा, मग तक्त्यांमध्ये. मधेच वीज गेली तर लॉग वाचून तक्ते पूर्ववत करायचे. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकतर पुरा होणारा नाहीतर मुळीच न होणारा व्यवहार, या संकल्पनेचा पाया घालणारे संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1981 च्या आपल्या निबंधात हिशेबनिसांचा हाच दंडक मांडला होता: वही बदलायची नाही, चुकीच्या नोंदीला भरपाईची नवी नोंद जोडायची. याच क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तुर्भ्याच्या गाळ्यावर हा दंडक रोज पाळला जातो.

[कळव्यातली खोली. रात्र. दोघी जमिनीवर बसून.]

ही तिची वर्गमैत्रीण, बीकॉम करून आलेली. बारावीला गणित होतं म्हणून एमसीएची वाट मोकळी राहिली. हिला उलटी नोंद सांगावी लागली नाही, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा, ते शिकवावं लागलं. नावे आणि जमा हिने गाळ्यावरच्या आपल्या मुलीला समजावलं, तक्ते जोडणं त्या मुलीने हिला. रात्री अकरानंतरचा हा वर्ग कोणत्याही वेळापत्रकात नाही.

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं. 2020-21 पासून दोन वर्षांचं झालं. वेळ आखडला की पहिला गळा व्यवसायाच्या विषयांचा आवळला जातो. लेखाकर्म, व्यवस्थापन हे ‘मार्कांचे पेपर’ म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री उरकले जातात. आम्हाला हे मान्य नाही. जर्मनीत संगणक आणि व्यवसाय मिळून एकच विद्याशाखा आहे, तिला एकच नाव आहे, विर्टशाफ्ट्सइन्फॉर्मातिक, आणि तिथे त्यात पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्याकडे एमसीएवाला एका इमारतीत, एमबीएवाला दुसऱ्या. आणि मेहताजींना तर कोणत्याच वर्गात कधी बोलावलेलं नाही. त्यांना बोलवावं. निदान एक सत्र मुलांना गाळ्यावर, पेढीवर, दुकानात पाठवावं, आणि त्याचे पुरे गुण द्यावेत.

[पुन्हा बाजार. छोटा प्रिंटर.]

तिसऱ्या खेपेचा प्रोग्राम. यात पुसण्याचं बटणच नाही. तो सध्या या एका गाळ्यावर, वहीच्या जोडीने चालतो. तिला महाप्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, मैत्रीण अजून मुलाखती देतेय.

आणि हे जुन्नरहून आलेले शेतकरी. छापील पट्टी पहिल्यांदाच हातात घेतायत. एकेका वक्कलावर बोट ठेवून वाचतायत. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलंय. खाली उलटी नोंद आहे.

[आवाज बंद. बोट पुढे सरकेपर्यंत दृश्य धरून ठेवणे.]