किल्ल्यांचा जुडगा

(सोलापुरात प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मला दिलेला विषय आहे, ‘शिक्षकाचे नेतृत्व आणि व्यक्तिगत विकास’. पत्रिका हातात पडली तेव्हा आधी हसूच आलं. 36 वर्षांच्या नोकरीत मला कुणी नेता म्हटलेलं नाही. आपल्याकडे नेते म्हणजे ज्यांची गाडी येईपर्यंत आपण पोरींना लेझीम हातात देऊन उन्हात उभं करतो ते. (हशा) तेव्हा त्या मोठ्या शब्दाला मी फार हात लावणार नाही. मला आठवतोय तो किल्ल्यांचा जुडगा. शाळेचा चार्ज, म्हणजे मुख्याध्यापकाची जबाबदारी, घेताना आपल्या हातात पडतो ना, तोच. त्याच्याबद्दल बोलते.

मी 1986 साली मंगळवेढा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर रुजू झाले. दोन खोल्या, चार वर्ग. पुढच्याच वर्षी खडू-फळा मोहीम आली. इथले जुने लोक माना डोलावतायत, त्यांना आठवत असेल. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, आणि शिकवायचं साहित्य, असा तिचा साधा हिशोब होता. आमच्या शाळेतही यथावकाश पेटी आली. पृथ्वीचा गोल, भिंग, चुंबक, ठोकळे, गोष्टींची पुस्तकं. मी तर पोरांइतकीच हरखले. चार्ज असलेल्या गुरुजींनी यादीबरहुकूम एकेक वस्तू मोजली, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या वहीत, नोंद केली आणि सगळं कपाटात ठेवून कुलूप घातलं.

कपाट वर्षातून दोनदा उघडायचं, 15 ऑगस्टच्या आणि 26 जानेवारीच्या आदल्या दिवशी. तेही धूळ पुसायला. मी एकदा धीर करून विचारलं, “गुरुजी, पुस्तकं पोरांना द्यायची का?” ते म्हणाले, “बाई, हरवलं तर भरायचं कुणी?” माणूस वाईट नव्हता. आजारी पोराला सायकलवर घालून दवाखान्यात नेणारा माणूस. पण पुस्तक फाटलं तर सही त्यांची होती आणि पोरगं अडाणी राहिलं तर कुणाचीच सही नव्हती. आपल्या सगळ्या रजिस्टरांत हरवलेल्या वस्तूला रकाना आहे, न वापरलेल्या वस्तूला नाही.

गाव मंगळवेढ्याकडचं, म्हणजे दामाजीपंत घरोघरी. दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाच्या धान्याची कोठारं त्यांनी लोकांना खुली केली, आणि पुढे विठू महाराच्या रूपात पांडुरंग बिदरला जाऊन रक्कम भरून आला, ही गोष्ट आम्ही दर वर्षी पोरांना सांगायचो. कपाटाला पाठ लावून सांगायचो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपण त्या गोष्टीतल्या चमत्कारावर रेंगाळतो. मला आता त्याच्या आधीचा क्षण मोठा वाटतो. पांडुरंग येणार आहे हे पंतांना माहीत नव्हतं. किल्ली फिरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त हिशोब असणार.

आता तुम्ही म्हणाल, बाई गुरुजींना नावं ठेवतायत. थांबा. 1998 साली माझी बदली अक्कलकोट तालुक्यात झाली आणि सेवाज्येष्ठ म्हणून चार्ज माझ्याकडे आला. लहान शाळेत मुख्याध्यापकाचं वेगळं पद नसतंच. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या अनुसूचीतसुद्धा प्राथमिकला स्वतंत्र मुख्याध्यापक पट 150 च्या वर गेला तरच. म्हणजे आपल्या वाड्या-वस्त्यांवर नेतृत्व करायचं ते दोन वर्ग शिकवून, खिचडीचा तांदूळ मोजून, टपाल लिहून उरलेल्या वेळात. चार्ज घेतला आणि आठ दिवसांत मी ते गुरुजी झाले. कपाटाला कुलूप आणि जुडगा माझ्या कमरेला. माझी चाहूल पोरांना किल्ल्यांच्या आवाजावरून लागायची, आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडायचं.

गाव सीमेवरचं, घरोघरी कानडी. शाळा मराठी माध्यमाची. मी नियम केला, शाळेच्या आवारात कानडी बोलायचं नाही, बोललं की पाच उठाबशा. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘शिस्त उत्तम’. ते पान मी घरी दोनदा वाचून दाखवलं होतं.

पावसाळ्यात पहिलीतला एक मुलगा सारखा उभा राहायचा, खाली बसायचा. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “गोत्तिल्ल.” माहीत नाही. माझा प्रश्नच त्याला कळला नव्हता. कानडी शब्द बोलला म्हणून मी डोळे वटारले. थोड्या वेळाने त्याच्या पाटाखाली ओल पसरली. त्याला लघवीला जायचं होतं. मराठीत कसं विचारायचं ते येत नव्हतं आणि कानडीत विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील गिरणीत, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. शाळेत गेले तेव्हा मला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आमच्या पहिलीच्या बाईंनी शेजारच्या मुलीला माझ्याजवळ बसवलं होतं, ती माझं तेलुगू त्यांना सांगायची आणि त्यांचं मराठी मला. ह्या शहरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच रिक्षात बसतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. अशा गावची मी, आणि मीच हे केलं. त्या दिवशी भाकरी गेली नाही. नियम दुसऱ्या दिवशी बंद केला, पण नियम बंद केल्याने मला कानडी थोडंच येणार होतं?

चौथीत एक मुलगी होती, तोंडाने फटकळ. तिला म्हटलं, परिपाठाच्या आधी रोज दहा मिनिटं मला कानडी शिकव. ती खुर्चीत, मी खाली पाटावर. तिने दुधाला शब्द सांगितला, हालु. मी चमकले. आमच्या तेलुगूत दूध म्हणजे पालु. मग फूल विचारलं. हूवु, आमचं पुव्वु. वाघ? हुली, आमची पुली. म्हणजे आमच्या ‘प’च्या जागी ह्यांचा ‘ह’! दोन वर्षं ज्या भाषेला मी दाराबाहेर ठेवलं, ती माझ्या आईच्या भाषेची सख्खी बहीण निघाली. माझे उच्चार चुकले की ती मुलगी कपाळाला हात लावायची, अगदी माझ्यासारखा. नोकरीत मी पुष्कळ प्रशिक्षणं घेतली, चहा-बिस्किटांसकट. पण मला बदलणारं प्रशिक्षण हेच, आणि त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिने फी मागितली. “बाई, त्या कपाटात काय हाय ते बघू द्या की.” मी जुडग्यातून किल्ली काढून तिला दिली. थोर विचार करून दिली असं नाही, नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

त्या वर्षी कपाट चौथीच्या मुलींनी सांभाळलं. त्यांनी स्वतःचं रजिस्टर केलं, पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, आणि तिसरा रकाना ‘आवडलं का’. हा रकाना मला सुचला नसता. वर्षअखेर 9 पुस्तकं गहाळ आणि गोलाची दांडी मोडलेली. काही पुस्तकांचे पैसे मी भरले, बाकीच्यांचा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवला. तो मंजूर व्हायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात ती मुलगी सहावीत गेली. प्रस्ताव परत आला की मी पुन्हा पाठवायची, त्रुटी पूर्ण करून. घाबरण्यासारखं खरं तर काही नव्हतं, फक्त कंटाळवाणं होतं. बारा वर्षं आम्ही त्या कंटाळ्याला भीती समजत होतो.

पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. माढा तालुक्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा जगाच्या नकाशावर आली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल सगळ्यांनी वाचलं. मला दोनच गोष्टी वाचायच्या होत्या. एक, तिथल्या मुलांची घरची भाषा कानडी म्हणून ते कानडी शिकले. दुसरी, 10 लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोड कुणीही छापेल. वाटून द्यायला वेगळा हात लागतो.

मुलांच्या हातात किल्ली देणं त्या मानाने सोपं हो. बरोबरीच्या माणसाला देणं अवघड. माझ्या शाळेवर एक तरुण शिक्षक आले. हुशार, गणिताचे. मी चार्जवाली, म्हणून दर शनिवारी त्यांची टाचणवही, म्हणजे पाठांच्या तयारीची वही, तपासायची. लाल रेघ मारायची, ‘अपूर्ण’ लिहायची. चार-सहा महिन्यांत ते माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. मला वाटलं, आजकालच्या पोरांना सांगितलेलं खपत नाही.

आई तेव्हा थकली होती, पण बोलायला खमकी. तिला सांगितलं तर ती तिच्या कारखान्यातल्या तपासणाऱ्याची गोष्ट सांगायला लागली. दिवसभर मान मोडून हजार विड्या वळायच्या, सुपातून न्यायच्या, आणि तो मूठभर उचलून बाजूला टाकायचा, बाद. मजुरी गेली याचा राग होताच. “पण मेल्याने कधी सांगितलं नाही, काय चुकलं ते. पान वाईट, का तंबाखू कमी, का दोरा सैल. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी नीट नसती का वळली?” एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली. मला उद्देशून बोलली की नाही, तिलाच ठाऊक.

सोमवारी मी त्या सरांना म्हटलं, तुमच्या तासाला मागे बसते, आणि माझ्या तासाला तुम्ही बसा. ते दचकले. चार्जवाल्याच्या तासाला कोण बसतं? पण बसले. तास संपल्यावर अंग चोरत म्हणाले, “बाई, एक बोलू? तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता.” त्यांनी कागदावर रेघा मारल्या होत्या. 23 प्रश्न. त्यातल्या 17 प्रश्नांची उत्तरं मीच दिलेली. राग आला, खोटं का बोलू. दोन दिवस मी त्यांच्याकडे चहा मागितला नाही.

नंतर वाचनात आलं की हा माझ्या एकटीचा रोग नाही. मेरी बड रोव नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, मुलं उलट प्रश्न विचारतात. तीन सेकंद! मी करून पाहिलं, जीव जातो. घड्याळ बघता येत नाही, म्हणून मनात सावकाश ‘विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल’ म्हणायचं ठरवलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या विठ्ठलालाच तोंड उघडलं. सर मागे बसून हसत होते. महिनाभराने तिसरीतल्या एका मुलाने तिसऱ्या विठ्ठलाच्याही नंतर उत्तर दिलं, चुकीचं दिलं, पण वर्षातलं त्याचं पहिलं.

टाचणवह्यांत लाल रेघा मी त्यानंतरही मारल्या, सवय लगेच जात नाही. पण रेघेपुढे एक वाक्य लिहायला लागले. आणि गणिताचं साहित्य, वेळापत्रक, पालकांच्या सभेत गणितावर बोलणं, हे सगळं सरांकडे दिलं. सभेत लोक त्यांनाच विचारायला लागले तेव्हा पोटात कालवलं. ते कालवणं अजून पूर्ण गेलेलं नाही.

विकासाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, पत्रिकेवर आहे म्हणून. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं आहे. चांगलं आहे. फक्त आपण ते तास कसे भरतो हे आपल्याला माहीत आहे. मोबाइल ओट्यावर, व्हिडिओ चालू, आणि आपण भेंडी चिरतोय. (हशा) हसू नका, मी पण चिरलीय. त्या 50 तासांतला एखादा तास शेजारच्या वर्गात मागे बसून काढला, आणि एखादा तास शेजारच्याला आपल्या मागे बसू दिला, तर कुठल्या पोर्टलवर नोंदवायचा ते मला विचारू नका.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना यादी केली. जुडग्यात 14 किल्ल्या होत्या. त्यातल्या पाचांची कुलपं कधीच मोडीत गेलेली, तरी त्या दर चार्ज यादीत इमानाने एकाकडून दुसऱ्याकडे येत होत्या. कपाटाची किल्ली मात्र यादीत होती आणि जुडग्यात नव्हती. नवे सर म्हणाले, “बाई, एक कमी भरतेय.” मी खिडकीकडे बोट केलं. ती खिळ्याला टांगलेली होती, चौथीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.

झालं माझं. त्या मागच्या रांगेतल्या ताई कधीच्या हात वर करून आहेत. त्यांना माईक द्या.