तण काढा, पण फुलायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार. मृगाचा पाऊस पडून महिना झाला की आपल्या परड्यात लावलेलं रोप अजून वीतभर असतं आणि न लावलेलं तण गुडघ्याला लागतं. मग आपण भांगलण करतो, बुट्टी भरून तण कोंडाळ्यात टाकतो आणि कुंड्यांसाठी खताचं पोतं विकत आणतो. आपल्याच मातीतून ओढलेलं सत्त्व असं रस्त्यावर जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

याचं खत घरीच होतं, फक्त वेळ साधावी लागते. पहिल्या वर्षी मी फुललेलं काँग्रेस गवत तसंच ढिगात टाकलं. दिवाळीनंतर ते खत गुलाबाच्या कुंड्यांत घातलं आणि पंधरा दिवसांत गुलाबाच्या बुडाशी काँग्रेसची बारीक, कातरल्यासारखी पानं वर आली. ढीग गरमच झाला नव्हता, बी जिवंत राहिलं होतं. काँग्रेसच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून पांढरी फुलं दिसायच्या आत ते मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाका-तोंडाला रुमाल हवाच. दमा किंवा अंगाला खाज असणाऱ्यांनी या गवताला हात लावू नये.

ढीग किमान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा. लहान ढिगात ऊब टिकत नाही. खाली काटक्या, त्यावर चिरलेलं हिरवं तण, त्यावर साधारण तेवढंच सुकं पाचट किंवा वाळला पाला, मग पातळ शेणकाला. असे थर चढवत जा. पाचट शेतकरी पेटवून देतात, मागितलं तर कुणीही देईल. शेणासाठी म्हशी पाळणारं घर आपल्या गावात शोधावं लागत नाही. शेणकाल्यात मूठभर गूळ विरघळवला तर चांगलंच. पाला कुजवणाऱ्या जिवाणूंचं बाटलीतलं कल्चर घ्यायची मला तरी कधी गरज पडली नाही. वरून जुनी पोती टाका. आपल्याकडचा पाऊस उघड्या ढिगाचा चिखल करतो आणि मग त्याला वास सुटतो.

चार-पाच दिवसांनी ढिगाच्या पोटात लोखंडी सळई खुपसा. दहा मिनिटांनी ओढून काढा आणि आत गेलेलं टोक हातात धरून बघा. धरवत नसेल तर ढीग पेटला म्हणायचा. आत 55 ते 60 अंश उष्णता काही दिवस टिकली की बहुतेक तणांचं बी मरतं. पण कडेला एवढी ऊब नसते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी बाहेरचं आत आणि आतलं बाहेर करायचं. हे चुकवू नका, सगळं यावरच आहे. सळई गारच निघाली तर मूठभर माल पिळून बघा. पाणी गळलं तर पाचट वाढवा, कोरडा लागला तर शेणकाला शिंपडा.

लव्हाळ्याच्या गाठी मात्र ढिगात नकोतच. त्या वेगळ्या पोत्यात बांधून ठेवा आणि चैत्र-वैशाखात तापल्या फरशीवर दोन आठवडे खडखडीत वाळवा. त्यानंतर खुशाल ढिगात घाला.

रंकाळ्याचं किंवा पंचगंगेचं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मिळालं तर तेही चालतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तेव्हा दोन-तीन दिवस सुकवून, चिरून घाला. मात्र सांडपाण्यात वाढलेलं केंदाळ शिशासारखे धातू शोषून घेतं. त्याचं खत मी फुलझाडांनाच घालते, मेथी-पोकळ्याला नाही.

अडीच-तीन महिन्यांत ढीग निम्म्यावर बसतो, माल काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. तरी लगेच वापरू नका. एका रिकाम्या कुंडीत ओंजळभर खत घ्या, पाणी घाला आणि दहा-बारा दिवस थांबा. काही उगवलं नाही तर खत वापरायला तयार. काँग्रेसचं एक जरी रोप आलं, तर उरलेला माल पुन्हा नव्या ढिगाच्या मधोमध घाला.

नमस्कार.